सेवाभावाचे शास्त्र : एक अपरिचित विद्याक्षेत्र

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या प्रसंगी एखाद्या प्राध्यापकाने बोलावे, असे मी चिटणीसांना सुचविले होते. मी केवळ मॅट्रिक. पुढे शिक्षकाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे मुलांकडून पाढे घोकून घेतले, एवढीच माझी विद्या. परंतु चिटणीसांनी ऐकले नाही; आणि खरे सांगावयाचे तर मलाही एका विषयावर बोलावयाचे होतेच. त्या विषयाने आमच्या घरात गेली दोन वर्षे स्वस्थता राहू दिलेली नाही, आणि आज दुपारी सर्वसाधारण सभेपुढे शिष्यवृत्ती निधीचा जो ठराव येणार आहे त्याच्याशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या समाजकार्य विषयाची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन एका मोठ्या कारखान्याच्या सी.एस.आर. विभागात चार वर्षे नोकरीस होती. पगार उत्तम, गाडी दाराशी. दोन वर्षांपूर्वी तिने राजीनामा दिला आणि विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदविले. विषय कोणता, तर कारखान्यांतील नोकर सुटीच्या दिवशी विनावेतन समाजकार्य का करतात, आणि काही काळाने ते का सोडून देतात. बंधू एस.टी.तून निवृत्त झालेले, सरळ स्वभावाचे गृहस्थ. त्यांनी मला विचारले, "दादा, लोक दान का करतात याचा अभ्यास करून कोणाचे पोट भरते का?" मला उत्तर सुचले नाही. उलट मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो.

माझे मत कसे पालटले, तेच आज सांगावयाचे आहे.

उद्योगसंस्थांचे सामाजिक उत्तरदायित्व, म्हणजेच सी.एस.आर., हा शब्द आता गावोगावच्या ग्रामपंचायतींनाही ठाऊक झाला आहे. त्याचे कारण २०१३ चा कंपनी कायदा. या कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे आहेत. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम लागू झाला. २०२१-२२ या एका वर्षात देशभर या मार्गाने २६ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळाला. एवढा पैसा वाहू लागल्यावर त्याने काय साधले, काय साधले नाही, हे तपासणारी माणसे लागणारच. १० कोटी वा त्याहून अधिक दायित्व असलेल्या कंपन्यांना १ कोटी वा अधिक खर्चाच्या कामांचे त्रयस्थाकडून मूल्यमापन करून घेणे २०२१ पासून बंधनकारक झाले आहे.

हा विचार मात्र कायद्याहून जुना आहे. अमेरिकेत हॉवर्ड बोवेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५३ साली व्यापाऱ्याच्या सामाजिक जबाबदाऱ्यांवर ग्रंथ लिहिला, तेथून या विषयाचा विद्यापीठीय अभ्यास सुरू झाला असे मानतात. पुढे १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी कंपनीची जबाबदारी एकच, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढविण्याची, असा प्रतिपक्ष मांडला. तो वाद अद्याप मिटलेला नाही. आपल्याकडे तर दोराबजी टाटांच्या नावाने १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. म्हणजे उद्योगपतींच्या पैशातून सेवेचे शास्त्र शिकविण्याची कल्पना या देशाला नवी नाही.

हे सर्व मला पुतणीने सांगितले, आणि मी मान डोलावली. मन मात्र हलले नाही. ते हलले एका जुन्या वहीमुळे.

आपल्यापैकी वयस्कर मंडळींना स्मरत असेल, आपल्या विद्यार्थी वसतिगृहात १९८६ पासून सायंकाळचा अभ्यासवर्ग चालत असे. खेड्यांतून आलेल्या मुलांना गणित व इंग्रजी शिकविण्यासाठी वसतिगृहाचेच माजी विद्यार्थी येत. कोणी बँकेत कारकून, कोणी टेलिफोन खात्यात, एक जण कापडाच्या दुकानात. दिवसभर नोकरी करून सात वाजता सायकलीवर येत, नऊपर्यंत शिकवीत, आणि मुलांबरोबर पिठले-भाकरी खाऊन घरी जात. कोणास एक पैसा मिळत नसे. वसतिगृह समितीचा चिटणीस या नात्याने त्यांचा हजेरीपट मी ठेवीत असे.

१९९४ साली मला वाटले की या तरुणांना आपण फार गृहीत धरतो आहोत. निदान येण्याजाण्याचा खर्च द्यावा. मी समितीपुढे ठराव मांडला की प्रत्येक शिक्षकास दर सायंकाळी दहा रुपये प्रवासभत्ता देण्यात यावा. ठराव एकमताने संमत झाला. सूचक मी होतो, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्याचा दोष वेळोवेळी इतरांवर टाकण्यात आला आहे.

वर्षभरात येणारी मंडळी कमी होऊ लागली. पूर्वी पाऊस असला तरी छत्री घेऊन येणारे आता "आज जमणार नाही, माझे दहा रुपये कापा" असा निरोप पाठवू लागले. बँकेतल्या एका तरुणाने महिन्याचे पाकीट माझ्या हाती परत दिले आणि म्हणाला, "गुरुजी, आजवर मी इथे शिकवायला येत होतो. आता कामावर येतो आहे. तेही दहा रुपयांच्या." त्यानंतर तो आला नाही. दोन वर्षांनी आम्ही भत्ता बंद केला. आता जुने दिवस परत येतील, असे मला वाटले होते. ते आले नाहीत. १९९७ च्या दिवाळीनंतर वर्ग भरला नाही.

ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. पुतणीने एके दिवशी विचारले, "काका, तुमच्या वसतिगृहाच्या वर्गाची काही नोंद आहे का?" मी माळ्यावरून वही काढून दिली. ती रात्री उशिरापर्यंत पाने उलटीत बसली. सकाळी चहाच्या वेळी तिने मला इस्रायलमधल्या दोन प्रयोगांची हकीकत सांगितली.

पहिला प्रयोग पाळणाघरांचा. हायफा शहरातील पाळणाघरांत काही पालक मुलांना नेण्यास उशिरा येत आणि शिक्षिकांना खोळंबून राहावे लागे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरे निवडून त्यांपैकी सहांत उशिरा येणाऱ्यास दंड बसविला. दंडाने उशीर कमी व्हावा, तो वाढला! पूर्वी पालकांना शिक्षिकेची भीड वाटे. आता उशिराचे पैसे मोजले की भीड संपली. पुढे दंड उठविला, तरी उशीर पूर्वस्थितीवर आला नाही.

दुसरा प्रयोग ऐकताना मी कप खाली ठेवला, कारण तो शाळकरी मुलांचा होता. आम्ही शिक्षक डिसेंबरमध्ये ध्वजदिनाचा निधी गोळा करण्यास मुलांना डबे देऊन घरोघर पाठवीत असू, तशीच प्रथा तेथेही आहे. त्या दोघांनी अशा १८० विद्यार्थ्यांचे जोडीजोडीने तीन गट पाडले. एका गटास केवळ कार्याचे महत्त्व सांगितले. दुसऱ्यास सांगितले की जमलेल्या रकमेच्या एक टक्का तुम्हांस बक्षीस मिळेल. तिसऱ्यास दहा टक्के. हे बक्षीस निधीतून नव्हे, संशोधकांच्या पदरचे. सर्वांत अधिक निधी कोणी जमविला? ज्यांना काहीच मिळणार नव्हते त्यांनी. दहा टक्केवाले त्यांच्या मागे, आणि एक टक्केवाले सर्वांत मागे. २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

माझे दहा रुपये हे त्या एक टक्क्यासारखेच होते. एवढ्या वर्षांत मला कोणी हे सांगितले नव्हते. आणि मी त्या तरुणांना मनोमन कृतघ्न म्हणत आलो होतो.

मी पुतणीस म्हणालो, "म्हणजे माझ्या वहीने तुझा सिद्धान्त सिद्धच झाला की!" ती हसली. म्हणाली, "नाही काका. त्याच वर्षांत कितीजणांच्या बदल्या झाल्या? किती जणांची लग्ने झाली? शहरात खासगी शिकवण्या कधी सुरू झाल्या? जेथे भत्ता दिला नाही असे दुसरे वसतिगृह तुमच्याजवळ असते, तर तुलना करता आली असती. एका वहीवरून कारण ठरविता येत नाही." छत्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसास त्या सकाळी पहिल्यांदा कळले की पुरावा म्हणजे काय. या मुलीचे शिक्षण वाया जात नाही, याची खात्री मला तेथे पटली.

विद्यार्थी मित्रांनो, या क्षेत्रातील एका माणसाची हकीकत मी तुम्हांस अगत्याने सांगणार आहे, कारण ती माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला फार भावली. रिचर्ड टिटमस हे इंग्लंडमधील एका लहान शेतकऱ्याचे चिरंजीव. जन्म १९०७ चा. लहानपणीच शाळा सुटली, जमाखर्च लिहिण्याचे शिक्षण घेतले, वडील वारल्यावर एका विमा कंपनीत कारकून म्हणून चिकटले आणि तेथे सोळा वर्षे काढली. दिवसा विम्याचे कागद, रात्री जन्ममृत्यूचे आकडे. लोकसंख्या आणि दारिद्र्य यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला तो नोकरी सांभाळून. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. तरीही १९५० साली, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेने त्यांना सामाजिक प्रशासन या विषयाचे प्राध्यापकपद दिले. आज असे घडणे कठीण. पदव्यांची शिडी आता टाळता येत नाही.

टिटमस यांचा अखेरचा मोठा ग्रंथ १९७० साली निघाला. त्याचा विषय रक्तदान. इंग्लंडमध्ये लोक रक्त विनामूल्य देत. अमेरिकेत त्या काळी पुष्कळसे रक्त विकत घेतले जाई. त्यांनी इंग्लंडमधील साडेतीन हजारांहून अधिक रक्तदात्यांना प्रश्नावली देऊन तुम्ही रक्त का देता असे विचारले, आणि दोन्ही देशांची तुलना केली. विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे ठरते, कारण ज्याला पैशाची निकड आहे तो आपला आजार लपवितो. आणि जेथे विक्री सुरू होते तेथे देण्याची वृत्ती क्षीण होते, असा त्यांचा निष्कर्ष. आपल्या देशातही धंदेवाईक रक्तदाते होते, हे आजच्या मुलांना ठाऊक नसेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निर्णयानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री देशात बंद झाली. आपल्या मंडळाचे रक्तदान शिबिर त्या व्यवस्थेचाच एक लहान धागा आहे.

तथापि टिटमस म्हणाले म्हणून ते सत्य, असे या विद्येत चालत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच विचारले, एकाला विकण्याची मुभा दिली म्हणून दुसऱ्याचे देण्याचे स्वातंत्र्य कसे हिरावले जाते? २००८ साली स्वीडनमधील गोटेनबर्ग येथे प्रयोग झाला. पैसे देऊ केल्यावर रक्तदानास तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पुरुषांत तसा परिणाम दिसला नाही. तेच पैसे धर्मादाय कार्यास देण्याची मुभा दिली तेव्हा घट नाहीशी झाली. उलट २०१३ साली निरनिराळ्या देशांतील प्रत्यक्ष शिबिरांचा आढावा घेऊन दुसऱ्या संशोधकांनी दाखविले की लहानशी भेटवस्तू दिल्याने रक्तदाते बहुधा वाढतात. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी प्रश्न धसास लागलेला नाही. बंधूंना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग उपयोग काय?" मी म्हणालो, "उपयोग हा, की तो दहा रुपयांचा ठराव मांडण्यापूर्वी मी कोणास तरी विचारले असते."

सी.एस.आर. आणि स्वयंसेवा यांचा सांधा कोठे आहे, हेही पाहण्यासारखे आहे. कंपनीने खर्चिलेला रुपया कायद्याच्या हिशेबात धरला जातो. परंतु कंपनीच्या नोकराने रविवारी शाळेत जाऊन शिकविले, तर त्याच्या त्या वेळेची किंमत लावून दोन टक्क्यांत धरता येत नाही, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पैसा मोजायचा, घाम मोजायचा नाही! प्रथम मला हा अन्याय वाटला. पुतणीचे म्हणणे निराळे. ती म्हणते, किंमत लावू दिली असती तर कंपन्यांनी नोकरांवर सक्ती केली असती, आणि सक्तीची सेवा ही सेवा राहत नाही. तिने नोकरी सोडली त्याचे कारणही असेच काहीसे आहे. ज्या दिवशी छायाचित्रकार येणार त्या दिवशी झाडे लावणारे शंभर हात निघत, आणि पाणी घालण्यास कोणी नसे. हे का होते, हे विचारण्यास त्या खुर्चीवर सवड नव्हती.

सेवा करणारा मनुष्य केवळ परोपकारासाठी येतो असे आपण मानतो. अमेरिकेतील क्लॅरी, स्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली याची सहा कारणे मांडली. कोणी तत्त्वासाठी येतो, कोणी नवे शिकण्यासाठी, कोणी मित्र येतात म्हणून, कोणी पुढील नोकरीस उपयोग होईल म्हणून, कोणी स्वतःची किंमत स्वतःला वाटावी म्हणून, आणि कोणी आपले दुःख विसरण्यासाठी. ज्याला जे हवे ते कामातून मिळाले तर तो समाधानी राहतो व टिकतो. आपल्या मंडळाचा अनुभव पाहा. वधूवर मेळाव्यास स्वयंसेवक कधी कमी पडत नाहीत. वसतिगृहाच्या लेखापरीक्षणास मात्र एकही मिळत नाही. (हशा) हसू नका; हा संशोधनाचा विषय आहे.

आणि भगिनींविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनावेतन स्वयंसेवा, उमेदवारी व तत्सम काम करणाऱ्यांचे प्रमाण दिवसाला अवघे २.४ टक्के भरले, पुरुष २.७, स्त्रिया २.०. मी ते आकडे घरी वाचून दाखविले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले की शेजारच्या घरी मयत झाले असता आठवडाभर पिठले-भात रांधून पोचविणाऱ्या बायका यात कोठे बसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येप्रमाणे, स्वतःच्या घराबाहेरील व कुटुंबाबाहेरील लोकांसाठी सक्तीविना व वेतनाविना केलेले काम ही स्वयंसेवाच. परंतु विचारणारा अधिकारी दाराशी आला, तर ती बाई म्हणणार, "मी काही करीत नाही, घरीच असते." हे मी पुतणीस कळविले. तिने ते आपल्या वहीत टिपून घेतले आणि काकूचे नाव घातले, याचा मला थोडा हेवा वाटला.

आता ज्यांना या मार्गाने जावयाचे असेल त्यांच्यासाठी व्यवहाराचे चार शब्द. समाजकार्य, अर्थशास्त्र, मानसशास्त्र किंवा व्यवस्थापन यांपैकी कोणत्याही विषयाची पदव्युत्तर पदवी चालते. मुंबईत टाटा संस्था आणि १९५५ पासूनची निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही परिचित ठिकाणे आहेत. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा. तीत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने प्रथम दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी.ला किमान तीन वर्षे, बहुधा अधिकच. पुढे अध्यापन, किंवा संशोधनसंस्था, किंवा मूल्यमापनाचे काम. कायम जागा थोड्या आहेत, हे लपवीत नाही. पुतणीचा पहिला निबंध दोन नियतकालिकांकडून साभार परत आला. तिसऱ्याने सुधारणा सुचविल्या आहेत. इंग्रजी आणि संख्याशास्त्र, ही दोन्ही पक्की हवीत. आमच्या वर्गातील मुलांना ज्या दोन विषयांची भीती वाटे, तेच दोन.

अखेरीस दुपारच्या ठरावाविषयी. आपल्या कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या नियमांत वैद्यकी, अभियांत्रिकी, कायदा व हिशेबतपासनीस एवढेच अभ्यासक्रम लिहिले आहेत. संस्थापकांनी ते लिहिले तेव्हा आपल्या घराघरांत डॉक्टर नव्हता, वकील नव्हता. त्यांचे बरोबरच होते. त्यांत 'कोणत्याही विषयातील पीएच.डी. संशोधन' हे शब्द घालावेत, अशी सूचना मी केली आहे. समितीत एक ज्येष्ठ बंधू म्हणाले की ज्या विद्येचे नाव उच्चारता येत नाही तिला समाजाचा पैसा का द्यावा. त्यांचा आक्षेप मी मनावर घेतला आहे, म्हणूनच आज एवढा वेळ घेतला. माझ्या पुतणीस अधिछात्रवृत्ती मिळते. तिच्यासाठी हा ठराव नाही, आणि संमत झाल्यास ती अर्ज करणार नाही, असे तिने लेखी दिले आहे. १९९४ साली ठराव मांडताना मी कोणताही विचार केला नव्हता. या वेळी केला आहे. तरीही चूक असेल तर सभेने तो नाकारावा.

बंधू आज सभागृहात आहेत. त्यांचे मत पूर्ण पालटले असे मी म्हणत नाही. परंतु गेल्या महिन्यात पुतणी कारखान्याच्या वस्तीत मुलाखती घेण्यास निघाली, तेव्हा ते स्वतः तिला स्थानकापर्यंत पोचविण्यास गेले आणि गाडी सुटेपर्यंत थांबले.

जाता जाता एक विनंती. अभ्यासवर्गाच्या हजेरीच्या वह्या एकूण तीन होत्या. मजजवळ दुसरी व तिसरी आहे. १९८६ ते १९८९ ची पहिली वही, निळ्या कापडी बांधणीची, वसतिगृहाच्या दुरुस्तीच्या वेळी कोणी तरी सांभाळून ठेवण्यास घरी नेली होती. ज्यांच्या माळ्यावर ती असेल त्यांनी कृपा करून मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. आणि त्या वर्गात ज्यांनी शिकविले, त्यांनीही एकदा येऊन भेटावे. पुतणीस त्यांना काही विचारावयाचे आहे, मलाही.